म्हणजे काय, भावजी?

डोंबिवली पूर्व
६ ऑगस्ट २०२५

शेवंतावहिनींना आनंदचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेल. ओळखूनही पाकीट उघडलंत, याबद्दल आभार. नवा पत्ता काळुरामने दिला. खोपट डेपोत दादाबरोबर ड्युटीला असायचा तोच. त्याला रागावू नका, मी तीन दिवस त्याच्यामागे लागलो होतो. तुमचा फोन लागत नाही. सहा वर्षांत मी तो फार वेळा लावला असंही नाही. तीनदा लावला.

आई बरी आहे. ब्याऐंशी संपलं. कान जवळजवळ गेले. आता माझ्याकडेच असते, वर्तकनगरची जागा बंदच आहे. चित्रा बरी आहे. रुचिता नर्सिंगला आहे आणि यंदा तिसरं वर्ष, हे काळुरामकडूनच कळलं. ऐकून ऊर भरून आला. दादा असता तर डेपोभर पेढे वाटले असते.

आता, लिहायला का बसलो ते.

मागच्या महिन्यात शाळेत एक प्रकार झाला. मुलं मला उदाहरणवाले सर म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. दादाच सगळ्यांना कौतुकाने सांगायचा, आमचा आनंद दगडालासुद्धा समजावून सांगेल. तर विज्ञानात उत्सर्जन संस्थेचा एक धडा आहे. मूत्रपिंडाचा. तो मी सहा वर्षं घेत नाही. आमच्या वासंती मॅडम तो घेतात आणि मी त्यांचा प्रकाशाचा धडा घेतो. यंदा त्या रजेवर होत्या, म्हणून मला उभं राहावं लागलं. फळ्यावर आकृती काढली, नावं दिली. मागच्या बाकावरची संचिता नावाची मुलगी म्हणाली, "सर, नाही कळलं. उदाहरण देऊन सांगा ना."

मी खडू ठेवला आणि वर्गातून बाहेर आलो. मुख्याध्यापिकांना बीपी वाढल्याचं सांगितलं. घरी चित्रालाही तेच सांगितलं.

वहिनी, दादाच्या आजारपणात आपल्या सगळ्यांकडूनच काही गोष्टी नीट समजून घ्यायच्या राहून गेल्या. नंतर तुम्हाला जे बोललं गेलं, ते बोललं जायला नको होतं. त्यात माझाही थोडा दोष असेल. एकदा भेटून बोलता आलं तर बरं होईल.

तुमचा,
आनंद

डोंबिवली पूर्व
२१ ऑगस्ट २०२५

वहिनी,

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होतो. आवाज ओळखला आणि उभाच राहिलो. तुम्ही म्हणालात, "भावजी, पत्र दोनदा वाचलं. 'आपल्या सगळ्यांकडून' म्हणजे कोणाकडून? 'बोललं गेलं' म्हणजे कोण बोललं?" मी काहीतरी पुटपुटलो. तुम्ही म्हणालात, "काय झालं ते लिहा. उदाहरणं नकोत." आणि फोन ठेवलात.

लिहितो. तुम्ही तिथेच होतात, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तरी मी माझ्या बाजूने लिहितो.

दादाला ताप येऊन पाच दिवस झाले होते. डेपोत गुडघाभर पाणी साचलेलं, त्यात तो दोन दिवस चालला होता. पायाला जखम होती. हॉस्पिटलमध्ये दाखल केलं, लेप्टो निघाला. सहाव्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली. दुपारी तो तरुण डॉक्टर बाहेर आला. तुम्ही बाकावर होतात, मी दाराशी. तो तुमच्याशी बोलला नाही, माझ्याशी बोलला. माझ्या खिशाला पेन होतं म्हणून असेल. म्हणाला, "अक्यूट रीनल फेल्युअर आहे. डायलिसिस सुरू करू या. सिस्टर फॉर्म आणतील, सही करा." एवढ्यात त्याला आतून हाक आली आणि तो गेला.

अक्यूट म्हणजे तीव्र. हे मी वीस वर्षं मुलांना सांगत आलो. तीव्र म्हणजे फार वाईट, हाताबाहेर गेलेलं, असं मी मनात धरलं. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ अचानक आलेलं. अचानक आलेलं, आणि बरेचदा परत जाणारं. हे मला ठाऊक नव्हतं. विचारता आलं असतं. डॉक्टर दहा पावलांवर होता. पण मी शिक्षक, मला कळलं नाही असं दिसू द्यायचं नव्हतं. मी मान डोलावली.

तुम्ही उठून आलात आणि विचारलंत, "म्हणजे काय, भावजी?"

वहिनी, तुम्ही उदाहरणं नकोत म्हणालात, पण ते उदाहरण इथे लिहावंच लागेल, कारण तेच झालं. मी म्हणालो, "किडनी म्हणजे आपला नळ समजा. नळ बंद पडला की टँकर मागवावा लागतो. डायलिसिस म्हणजे टँकर. आणि एकदा टँकरवर गेलेली सोसायटी कायमची टँकरवरच राहते. आठवड्यातून तीनदा, मरेपर्यंत."

तुम्ही ऐकलंत. मग म्हणालात, "पण भावजी, नळाला परत पाणी येतं की. आमच्या वर्तकनगरला तीन दिवस नव्हतं, मग आलं."

मी म्हणालो, "हा नळ परत येत नाही, वहिनी."

का म्हणालो? मला माहीत होतं म्हणून नाही. माझं उदाहरण चांगलं जमलं होतं आणि तुम्ही त्याला फाटे फोडत होतात म्हणून. वर्गात मुलं अशी शंका काढतात तेव्हाही मी असाच बोलतो. चौथी शिकलेल्या बाईने काढलेली शंका बरोबर असेल असं मला वाटलंच नाही. तुम्ही काय झालं ते लिहा म्हणालात, म्हणून हेही लिहितो.

मग तुम्ही दादाचं बोलणं सांगितलंत. डेपोतला एक कंडक्टर पाच वर्षं डायलिसिसवर होता, त्याला भेटून आल्यावर दादा म्हणाला होता, मला असं मशीनला बांधून ठेवू नका. तुम्ही डोळे पुसलेत आणि म्हणालात, "मग नको. ते म्हणालेले." सिस्टर आली, तुम्ही सही केली नाही.

संध्याकाळी डॉक्टर चिडून आला. या वेळी तो थेट तुमच्याशी बोलला, "का नको म्हणताय?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला वाटलं असेल, भावजी नीट सांगतील. मी म्हणालो, "फॅमिलीचा निर्णय आहे, डॉक्टर." तो उद्यापर्यंत विचार करा म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचं हृदय बंद पडलं.

आता खरी गोष्ट. लेप्टोमध्ये किडनी बंद पडली तरी बहुतेक वेळा ती परत सुरू होते. आठ-पंधरा दिवस मशीन लागतं, मग नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा माहीत असतं तर मीच तुमचा हात धरून सही करायला लावली असती.

आनंद

डोंबिवली पूर्व
२ सप्टेंबर २०२५

वहिनी,

तुमचा मेसेज मिळाला. दोनच शब्द. "कधी कळलं?"

मागच्या पत्रात 'नंतर' लिहिताना मला वाटलं होतं की तुम्ही विचारणार नाही. मग वाटलं, विचारलंत तर वर्षाने कळलं असं सांगू. उत्तराला आठ दिवस लावले ते याचसाठी. एक खोटं पत्र लिहून झालं होतं. त्यात मी लिहिलं होतं की एका विद्यार्थ्याच्या वडिलांना लेप्टो झाला, ते बरे झाले, त्यांच्याकडून कळलं. पाकिटात घातलं, तिकीट लावलं. पेटीपर्यंत नेलं आणि परत आणलं.

चौथ्या दिवशी कळलं.

दादाला जाऊन चौथा दिवस. मी हॉस्पिटलमध्ये कागद आणायला गेलो होतो. तो डॉक्टर जिन्यात भेटला. चिडलेला नव्हता, दमलेला होता. म्हणाला, "काका, तुम्ही तर शिकलेले दिसता. नाही का म्हणालात? चार-पाच वेळा करावं लागलं असतं. पेशंट घरी गेला असता." मी विचारलं, "कायमचं नसतं?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "कायमचं कोण म्हणालं तुम्हाला?"

मी कागद घेतले आणि जिना उतरलो.

घरी आलो तर तुम्ही आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होतात. रुचिता तुमच्या मांडीवर झोपलेली. मला पाहून तुम्ही म्हणालात, "भावजी, ते सुटले ना? आपण बरोबर केलं ना?" आणि मी हो म्हणालो. तेव्हा मला माहीत होतं. तासाभरापूर्वी कळलेलं.

पुढची सहा वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की ते मी दयेने केलं. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही जगला नसतात, असं. पण मग तेराव्याच्या दिवशीचं काय?

तेराव्याला आई सगळ्यांसमोर म्हणाली की हिने सही केली नाही, हिला नवऱ्याची सेवा नको होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हॉस्पिटलमध्ये पाहिलं होतंत तसंच. कलावती आत्याने विचारलं, "आनंद, तू होतास ना रे तिथे? डॉक्टर काय म्हणाले?"

मी म्हणालो, "मी खाली औषधं आणायला गेलेलो. माझ्या मागे झालं सगळं."

तुम्ही ते ऐकलंत. आणि तरीही तुम्ही उठून, नाही, भावजी तिथेच होते, असं म्हणाला नाहीत. का नाही म्हणालात, हे मी आजवर विचारलं नाही. आजही विचारत नाही. बारा दिवसांनी तुम्ही दोन पिशव्या आणि रुचिताला घेऊन टिटवाळ्याला भावाकडे गेलात. मी स्टेशनपर्यंत सामान आणू का, असं विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात.

एवढंच आहे. आता लपवलेलं काही राहिलं नाही.

आनंद

डोंबिवली पूर्व
१५ सप्टेंबर २०२५

वहिनी,

रुचिताचा फोन आला होता. तिने तुम्हाला सांगितलं आहे की नाही, माहीत नाही, म्हणून लिहितो. ती म्हणाली, "काका, मला वर्षभर माहितीये. सेकंड इयरला लेप्टो शिकले ना, तेव्हाच कळलेलं. कॉलेजच्या बाथरूममध्ये जाऊन रडले आणि घरी येऊन आईला काही बोलले नाही. तिच्याकडे एवढंच तर होतं, की बाबांना त्रासातून सोडवलं. ते पण घेतलंत तुम्ही. पोस्टाने. तीन पत्रांत मोकळे झालात."

मी तिला म्हणालो, "बाळा, आईला खरं कळायला हवं होतं."

"मग सहा वर्षं का नव्हतं कळायला हवं?" ती म्हणाली. "आणि आईला एकटीलाच का? ज्यांच्यासमोर तिला बोलले त्यांना कोण सांगणार? आई दोन दिवस जेवली नाहीये, काका. आजी तिकडे जेवतेय ना वेळेवर?"

मला हे सुचायला हवं होतं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने सांगावं लागलं. मी फक्त तुमच्याजवळ कबूल केलं होतं, कारण तुम्ही टिटवाळ्याला होतात, मला दिसत नव्हतात.

काल दादाचा म्हाळ होता. कलावती आत्या आली होती, मामा होते, ठाण्याची सगळी मंडळी होती. तेराव्याला होते त्यातले बहुतेक. कावळ्याचं पान ठेवून झालं. चित्रा वाढायला घेणार, तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा, मला एक सांगायचंय." आणि उभ्या उभ्या सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला, मी तुम्हाला काय सांगितलं, तुम्ही काय विचारलंत, मी तेराव्याला काय खोटं बोललो.

आईला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "काय म्हणतोय हा?" कोणी तिला सांगेना. मग मीच तिच्या कानाशी वाकून परत सांगितलं. पहिल्यांदा तिला अर्धंच कळलं. दुसऱ्यांदा ओरडूनच सांगावं लागलं. समोरच्या ब्लॉकचं दार उघडलं, शेजारी बाहेर आले. इतक्या मोठ्याने बोलायचं तर लांब वाक्यं जमत नाहीत. मी म्हणालो, "वहिनीने नाही. मी. दादा वाचला असता. मी नको म्हणायला लावलं."

मामा पानावरून उठले आणि चपला घालून गेले. आत्या राहिली, पण माझ्याशी बोलली नाही. चित्राने सगळ्यांना वाढलं. ती रात्रीपर्यंत एकच वाक्य बोलली, "मला तरी सांगायचं होतंस रे." आई जेवली नाही.

संध्याकाळी आईने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "तेराव्याला मी तिला काय काय बोलले, तुला आठवतं?"

म्हटलं, "आठवतं."

"सांग."

"कशाला, आई?"

"मला नीट आठवत नाही. सांग."

मी एकेक सांगितलं, तिच्या कानाशी, मोठ्याने. सेवा नको होती, ते. माझ्या पोराला खाल्लंस, ते. रुचिताला हिच्यासारखी होऊ देऊ नका, ते सुद्धा. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "मला टिटवाळ्याला ने."

रविवारी तिला घेऊन येतो. तुम्ही दार उघडलं नाहीत तर आम्ही परत जाऊ. तिला तसं सांगून ठेवलं आहे.

आनंद

डोंबिवली पूर्व
२३ सप्टेंबर २०२५

वहिनी,

रविवारी तुम्ही दारात म्हणालात, "आत या, आई," आणि मला म्हणालात, "भावजी, तुम्ही थांबा." दार बंद झालं. आत काय झालं, ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. आईचा आवाज येत होता, तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ती मोठ्याने बोलते. शब्द कळू नयेत म्हणून मी एक मजला खाली जाऊन जिन्यात बसलो.

चारच्या सुमारास रुचिता ड्युटीवरून आली. मला पायरीवर बघून थांबली. पुढे न जाता माझ्या वरच्या दोन पायऱ्या सोडून बसली. दादासारखंच बसते, गुडघ्यांवर कोपरं टेकून.

"आई रोज विचारते," ती म्हणाली. "बाबा नक्की वाचले असते का? काय सांगू?"

माझ्या तोंडात लगेच आलं, समज की... आणि मी थांबलो. विचारलं, "तू काय सांगतेस?"

"बहुतेक, म्हणते."

"तेच खरं आहे."

मग म्हणाली, "सांगून बरं वाटलं का तुम्हाला?"

"पहिलं पत्र टाकलं त्या दिवशी वाटलं होतं. नंतर नाही."

"बरंय," ती म्हणाली आणि वर गेली.

मग तुम्ही बाहेर आलात. म्हणालात की आई आता इथेच राहतील, त्यांचं सामान आणि औषधं पाठवा. मी 'वहिनी...' एवढंच म्हणालो. तुम्ही म्हणालात, "आता लिहू नका, भावजी. माझं वाचून झालं."

म्हणून हे पत्र तुमच्यासाठी नाही. आईच्या पिशवीबरोबर काळुराम आणून देईल, तो कागद समजा. पिशवीत तिच्या चार साड्या, शाल, चष्मा, कानातलं मशीन (ती लावत नाही, पण तुम्ही सांगितलंत तर कदाचित लावेल) आणि पोथी आहे. वर्तकनगरच्या जागेची किल्ली छोट्या कप्प्यात आहे. ती जागा दादाची होती, आता तुमची आणि रुचिताची आहे. कागद करायला मी सांगाल तिथे येऊन सही करीन.

औषधं अशी.

थायरॉईडची पांढरी बारीक गोळी सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी. त्यावर अर्धा तास चहा द्यायचा नाही. ती मागेल, रागावेल, तरी नाही.

बीपीची गुलाबी गोळी नाश्ता झाल्यावर. एकच. ती विसरते आणि दुसरी मागते, म्हणून डबा वर ठेवा.

कॅल्शियमची मोठी गोळी दुपारच्या जेवणानंतर. गिळता येत नाही, दोन तुकडे करून द्या.

रात्री काही नाही. झोप येत नाही म्हणून जुन्या पाकिटातली गोळी मागेल. ती मी काढून टाकली आहे.

डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे, त्यावर त्यांचा नंबर आहे. ते संध्याकाळी सहानंतर फोन घेतात आणि कितीही वेळा विचारलं तरी चिडत नाहीत.

कुठल्या गोळीबद्दल काही कळलं नाही, काही शंका आली, तर मला विचारू नका. त्यांना विचारा.

आनंद